ज्योतीराम तांबारे यांचा धाकटा भाऊ

“एवढी एक गुरुवारची सुट्टी असते राव. त्यातच नेमकं तांबारेला जायचं होतं.”

“हळू बोल. आत बायका असतील.”

“हळूच बोलतोय. चार मजले चढल्यावर आवाज काढायला दम तर पाहिजे. आणि हा हार धर आता, माझ्या शर्टावर गळतोय.”

मी दाराच्या आतल्या बाजूला उभी होते. आमचं दार प्लायवूडचं. त्यातून शेजारची फोडणीसुद्धा ऐकू येते, ही तर आमच्याच उंबऱ्यावरची कुरकुर. या मजल्यावर तांबारे म्हणजे आम्हीच. आणि जे तांबारे गेले म्हणून ही माणसं हार घेऊन आली होती, ते आत स्वयंपाकघरात ओट्याला टेकून चहात खारी बुडवत होते.

रूपीनगरात तेवीस वर्षं काढली. पाण्याचा टँकर उलटलेला पाहिला, लग्नाच्या मांडवात नवरदेव बदललेला पाहिला. पण जिवंत नवऱ्याला कुणी हार घालायला आलेलं पहिल्यांदाच बघत होते.

बेल वाजली.

ती वाजू दे. तोवर मागचं सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

माझ्या नवऱ्याचं नाव अर्जुन. परांडा तालुक्यातलं गाव, कोरडवाहू जमीन, दोघे भाऊ. लग्नात मी उखाणा घेतला तो अर्जुनरावांचा. चौथ्या दिवशी आम्ही इकडं आलो. निगडीला एसटीतून उतरलो, तर रिक्षा स्टँडवरून एक माणूस ओरडला, “काय ज्योतीराम, आणली का वहिनी?” ज्योतीराम म्हणजे माझे थोरले दीर. ते सोबत आलेत की काय म्हणून मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. माझ्या नवऱ्यानंच हात वर केला आणि म्हणाले, “आणली, आणली.”

त्या संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत ट्रंकेवर बसून त्यांनी सगळं सांगितलं. थोरले दीर आयटीआय झालेले, फिटर. कंपनीचं बोलावणं त्यांच्या नावानं आलं तेव्हा ते कावीळ होऊन अंथरुणात. हजर झालं नाही तर जागा जाईल. मग घरच्यांनी नववी नापास धाकट्याच्या हातात थोरल्याचं सर्टिफिकेट दिलं आणि सांगितलं, पंधरा दिवस जागा धरून ठेव, दादा बरा झाला की येईल. एसटीत टॉवेल टाकून जागा धरतात तसं. तोंडवळा दोघांचा सारखा. ओळखपत्रावर फोटो लागला अर्जुनचा, नाव लागलं ज्योतीरामचं. “मग दादा बरा झाला,” हे म्हणाले, “पण त्याला गावच बरं वाटलं. म्हणाला, राहू दे तुलाच.”

एवढीच गोष्ट. मला ती तेव्हा आवडली होती. भाऊ असावा तर असा, असं मनात आलं होतं. लग्नाला चार दिवस झालेल्या बाईला सगळंच आवडतं.

पंधरा दिवसांची सव्वीस वर्षं झाली. कंपनी पिंपरीतून चाकणला गेली, जागेवरचा टॉवेल तसाच राहिला. राशनकार्ड, मतदान, आधार, सगळीकडे हे ज्योतीराम विठ्ठल तांबारे. आमची वर्षाली तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करते, तिच्याही नावापुढं ज्योतीराम. तिकडं गावात माझ्या जाऊबाई कस्तुरा, त्यांच्या कार्डावरही नवरा ज्योतीराम विठ्ठल तांबारे. म्हणजे सरकारच्या हिशेबानं आम्ही दोघी एकाच माणसाच्या बायका. आणि अर्जुन विठ्ठल तांबारे नावाचा माणूस नववीच्या निकालानंतर जगातल्या एकाही कागदावर नाही.

इकडं हळदीकुंकवाला बायका आग्रह करायच्या, नाव घ्या, नाव घ्या. पहिल्यांदा मी ज्योतीरामरावांचं नाव घेतलं तेव्हा जीभ भाजल्यासारखी झाली. थोरल्या दिराचं नाव, तेही नवरा म्हणून! दोन-तीन संक्रांती गेल्या आणि सवय झाली. सवयीचं हे असंच असतं, ती आपल्याला विचारून येत नाही.

गंमत अशी, की गावात थोरल्या दिरांना ज्योतीराम कुणी म्हणतच नव्हतं. ते पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचे, पिठाची गिरणी चालवायचे, कुणाचं कडबाकुट्टीचं मशीन अडलं तर त्यांनाच बोलावणं जायचं. सगळं गाव त्यांना फिटर म्हणायचं. नाव इकडं आलेलं, हात तिकडं राहिलेले.

माझं काम नावांचंच आहे. तळवड्यातल्या छोट्या वर्कशॉपांचे युनिफॉर्म येतात, त्यांच्या खिशावर मशीननं नावं भरायची. सगळे शर्ट निळे, सगळे एकाच मापाच्या आसपासचे. नाव भरलं की त्या शर्टाचा माणूस झाला. पुढच्या वर्षी तो माणूस सोडून जातो, मालक तोच शर्ट परत पाठवतो, ताई, हे नाव उसवून दुसरं भरा. मी ब्लेडनं एकेक टाका उसवते. पण जुन्या नावाची भोकं राहतात. उजेडात धरलं तर वाचता येतात. कीर्तनात ऐकलेलं, आत्मा कपडे बदलतो. मला दर वेळी वाटायचं, आमच्या घरात उलटं झालंय महाराज, कपडे तेच, नाव तेच, आतला माणूस बदललाय.

हे असलं काही मी बोलायचे ते खालच्या मजल्यावरच्या साहेबरावांशी. साहेबराव कांबळे ह्यांच्याच कंपनीतून निवृत्त झाले, रविवारी विहारात पोरांना शिकवतात. मी शाळा सातवीपर्यंत शिकले, पुढचं सगळं साहेबरावांच्या कपाटातून वाचलं. एकदा गॅलरीत बसून त्यांनी समजावलं होतं, “सुमनताई, ‘मी’ म्हणून आत घट्ट असं काही नसतं. आपली लाईन बघा. पहिली शिफ्ट जाते, दुसरी येते. मशीन गरम असतं तोवर हात बदलतात. लाईन सकाळपासून चालू आहे असं आपण म्हणतो. मग लाईन म्हणजे कोण, पहिली शिफ्ट की दुसरी?”

मी म्हटलं, “शिफ्ट बदलताना रजिस्टरवर सही तरी करतात की हो.”

साहेबराव खूप हसले. हे हसले नाहीत. हे मन लावून ऐकत होते. पुढं कितीदा तरी चहाला साहेबरावांना वर बोलावून हेच म्हणायचे, “ते सांगा ना, शिफ्टचं. ‘मी’ नसतो ते.” लहान पोर झोपताना तीच गोष्ट पुन्हा मागतं, तसं. मला वाटायचं, नवऱ्याला माझ्यासारखी वाचनाची गोडी लागतेय.

मंगळवारी सकाळी थोरले दीर गेले. गिरणीचा पट्टा चढवायला वाकले ते खालीच बसले. आम्ही दुपारपर्यंत पोचलो. अग्नी पुतण्यानं दिला. ह्यांनी डोक्याचा गोटा केला, मिशी काढली. बुधवारी सकाळी कस्तुराबाईंनी ह्यांना जवळ बोलावलं. रडून रडून घसा बसलेला. म्हणाल्या, “भाऊजी, त्येंचं सर्टिफिकेट तेवढं आणून द्या. फोटोशेजारी लावायचंय.” सव्वीस वर्षांत त्या बाईनं आमच्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट. वर्षालीला काकूजवळ ठेवून आम्ही संध्याकाळी परत आलो. गुरुवारी दुपारच्या गाडीनं सर्टिफिकेट घेऊन पुन्हा जायचं होतं.

मधल्या वेळात पुतण्यानं चौकात फ्लेक्स लावला होता. भावपूर्ण श्रद्धांजली, कै. ज्योतीराम विठ्ठल तांबारे. त्याचाच फोटो त्यानं स्टेटसला ठेवला. गावातलं एक पोरगं चाकणला ठेकेदाराकडं आहे, त्यानं तो उचलला आणि कंपनीच्या बसच्या ग्रुपवर टाकला. नाव तेच, बापाचं नाव तेच, गाव तेच, चेहरा नव्वद टक्के तोच. ह्यांनी रजा टाकताना ‘घरात मयत’ एवढंच कळवलेलं आणि फोन बंद करून ठेवलेला. कंपनीनं दुसरं काय समजायचं?

हे सगळं मला नंतर जुळवता आलं. गुरुवारी सकाळी मी फक्त लोखंडी कपाट उघडून सर्टिफिकेट शोधत होते. लॅमिनेशन केलेलं, सगळ्यात खाली. त्याच्या मागं चिकटून एक पिवळं पडलेलं पाकीट निघालं, चिंचवड स्टेशनजवळच्या कुठल्या तरी फोटो स्टुडिओचं. आत पासपोर्ट साइजचे चार फोटो. थोरल्या दिरांचे. गालफडं बसलेली, केस पाण्यानं चापून बसवलेले, गळ्यात स्टुडिओतला टाय. चारही फोटो जसेच्या तसे, एकालाही डिंक लागलेला नाही. मागं शिक्का होता, जानेवारी २०००.

मी ते हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेले.

“अहो, दादा चिंचवडला कधी आले होते?”

मला तर तेवीस वर्षं सांगितलं होतं की दादा या बाजूला कधी फिरकलेच नाहीत, त्यांना गावच बरं वाटलं. ह्यांनी वर बघितलं. हातातली खारी चहात मोडून पडली. ती बोटानं काढायचंही त्यांना सुचलं नाही.

तेवढ्यात जिन्यात ती कुरकुर सुरू झाली. मी दारापाशी गेले आणि पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

बेल दुसऱ्यांदा वाजली तेव्हा हे उठून आले. मी हात आडवा धरला. “थांबा. बाहेर तुमचे कंपनीवाले आहेत. त्यांना वाटतंय की...” त्यांनी माझा हात बाजूला केला आणि दार उघडलं.

पुढं नानासाहेब होते, ह्यांच्या लाईनचे सुपरवायझर, राजगुरुनगरकडचे. वीस वर्षं दोघांनी एका डब्यात जेवण केलेलं. मागं सुजित, लाईनवरचा तरुण पोरगा, आणि आणखी दोघं. सुजितच्या हातात फ्रेम होती. ह्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावलेला, त्याला झेंडूचा हार. फोटोत दाट केस, जाड मिशी, चष्मा. दारात गोटा केलेलं डोकं, मिशी नाही, चष्मा स्वयंपाकघरात राहिलेला, डोळे सुजून बारीक झालेले, अंगावर पंचा.

हे त्या हारातल्या स्वतःकडं बघत राहिले.

नानासाहेब पुढं झाले. “तुमी... त्येचे भाऊ का?”

मला वाटलं, आता हे सांगतील, अरे येड्या, मीच आहे, गावाकडं दुसरंच कुणी गेलंय. हशा होईल, शिव्या होतील, चहा टाकावा लागेल. मी दुधाचासुद्धा विचार केला.

“होय,” हे म्हणाले. “धाकटा. अर्जुन.”

ह्यांनी लोकांसमोर हे नाव घेतलेलं मी तेवीस वर्षांत ऐकलं नव्हतं. आणि धक्का बसला तो खोटं ऐकल्याचा नव्हता. ते अगदी खरं बोलले होते.

नानासाहेबांनी त्यांना मिठी मारली. “अगदी त्येच्यावानी दिसता हो. अगदी त्येच्यावानी.” आणि ज्या माणसाच्या शेजारी वीस वर्षं उभे राहिले, त्याच्याच खांद्यावर त्याच्यासाठी रडायला लागले. कुणाला पटणार नाही. पण माणूस डोळ्यांनी थोडंच बघतो? घरातून निघताना जे ठरवून येतो तेच त्याला दिसतं.

सगळे आत आले. जिन्यातला आवाज ऐकून खालून साहेबराव वर आले होते, ते उंबऱ्यातच थांबले. त्यांनी आदल्या संध्याकाळीच ह्यांना गोटा केलेला पाहिला होता. त्यांनी आधी फ्रेमकडं बघितलं, मग ह्यांच्याकडं, मग माझ्याकडं.

फ्रेम ठेवायला जागा नव्हती. सुजितनं ती माझ्या शिलाई मशीनवर युनिफॉर्मच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवली. उदबत्ती लावायला काडेपेटी माझ्याकडंच मागितली. मी दिली! हात आपोआप चालतात अशा वेळी.

“लई सांगायचा तुमच्याबद्दल,” नानासाहेब डोळे पुसत म्हणाले. “एखादं मशीन अडलं, आमाला उमजंना, की म्हणायचा, माझा गावाकडचा भाऊ असता तर कान लावून सांगितला असता फॉल्ट. म्हणायचा, खरा फिटर त्यो. मी आपला नावाचा.”

ह्यांनी मान खाली घातली. मला कळलं, की ज्या भावाचं नाव घालून हे रोज लाईनवर उभे राहायचे, त्याच भावाचं कौतुक त्यांनी स्वतःच्या, अर्जुनच्या, नावावर तिथं सांगून ठेवलं होतं. दोघांचं उसवून एकमेकांच्या खिशावर भरलेलं.

मी पाणी आणायला आत गेले. ओट्याच्या वर छोटा आरसा आहे. त्यात माझं कपाळ दिसलं, कुंकू लावलेलं. हातात हिरव्या बांगड्या. बाहेरच्या खोलीत मी विधवा होते आणि इथे आत सवाष्ण. मंगळवारी कस्तुराबाईंचं कुंकू माझ्यासमोर पुसलं होतं. कार्डावर दोघींचा नवरा एकच, पण पुसलं एकीचंच. कुंकू पुसायला पदर कपाळापर्यंत गेला होता. मी तो खाली घेतला. माझा नवरा कुठलाही असो, चहात मोडलेली खारी त्याचीच होती.

पाण्याचा तांब्या आणि पेले घेऊन बाहेर आले तर सुजितची नजर माझ्या कपाळावर गेली. त्यानं पटकन खाली बघितलं आणि शेजारच्याच्या कानात म्हणाला, “वहिनींना धक्का बसलाय रे. भानच नाही.”

भान कुणाला होतं? खरं सांगायचं तर पुढं दोनच रस्ते होते. हे ज्योतीराम आहेत म्हणून सांगावं, तर गावात जळाले ते कुणीच नव्हते असं होणार. थोरले दीर जिवंतपणी नावाशिवाय जगले, मेल्यावरही नावाशिवायच जायचे. आणि हे अर्जुन आहेत म्हणून सांगावं, तर सव्वीस वर्षांची नोकरी खोटी, पोलीस दारात, पोरीच्या कागदावरचा बाप खोटा. हे दोन्ही मला दिसत होतं. ह्यांनाही दिसत असणार. पण ह्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. बऱ्याच दिवसांनी घट्ट चप्पल काढून बसल्यासारखे दिसत होते. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

तेवढ्यात नानासाहेबांनी तिसरा रस्ता काढला.

“अर्जुनराव, आता ही येळ न्हाई, पर बोलतो. साहेबांच्या कानावर घातलंय. सर्व्हिसमधी माणूस गेला की घरातल्या एकाला घेत्यात आमच्यात. पोरगी शिकल्याली हाय, ती काय लाईनवर येणार न्हाई. तुमी या. वय झालंय, व्हय, पर हेल्पर म्हणून घेऊ. तुमच्या हाताचं एवढं ऐकलंय. ज्योतीरामची जागा घरातच ऱ्हाईल.”

बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या. सुजित म्हणाला, “या भाऊ. आम्ही सांभाळून घेऊ.”

मी गपकन खालीच बसले. माझ्या डोक्यात लगेच गणित सुरू झालं, लाज वाटते सांगायला. स्वतःच्या नावावर नोकरी. चेहरा तर ओळखला नाहीच यांनी. नवी मिशी ठेवायची नाही. गावी जाऊन अर्जुनच्या नावाचे कागद करायचे. मी चांगली बाई आहे, असं मला आजवर वाटत होतं.

“या ना,” नानासाहेब पुन्हा म्हणाले. “भावाच्या जागी भाऊ.”

“न्हाई,” हे म्हणाले. “दोनदा न्हाई.”

“दोनदा म्हंजी?”

ह्यांचं तोंड कोरडं पडलं होतं. माझ्यासमोरचा पेला घ्यायला त्यांनी डावा हात पुढं केला. त्या हाताची करंगळी अर्धीच आहे. पिंपरीत असताना प्रेसखाली गेली होती.

नानासाहेबांची नजर त्या करंगळीवर पडली आणि तिथंच राहिली. त्यांनी तो हात पेल्यासकट धरला. पाणी मांडीवर सांडलं. त्यांनी बोट उलटं करून बघितलं, पुन्हा सुलटं केलं.

“ही करंगळी म्या बांधली व्हती,” ते म्हणाले. “माज्या रुमालानं. रिक्षात ह्यो माज्या मांडीवर डोकं ठेवून वराडत व्हता.” त्यांचा आवाज चढत गेला. “ज्योत्या? आरं, ज्योत्या हायेस तू!”

सुजित उभा राहिला, त्याच्या धक्क्यानं उदबत्तीचं घर पडलं. एक जण “आयला” म्हणाला आणि स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. नानासाहेब हसत होते की रडत होते ते त्यांनाही कळत नसावं. त्यांनी ह्यांच्या गोट्यावर एक चापट मारली, मग दोन्ही हातांनी तोंड धरलं.

“भाड्या, माजा जीव गेला असता! हार घिऊन आलो तुज्यासाठी! आन भाऊ काय म्हणतोस, अर्जुन काय म्हणतोस?” मग ते एकदम थांबले. फ्रेमकडं बघितलं. “थांब. फ्लेक्सवर तर नाव तुजंच हाय. मग गेलं कोण?”

“ज्योतीराम,” हे म्हणाले.

“आन तू?”

मशीनवर उदबत्तीची राख युनिफॉर्मवर पडत होती, ती झटकावी असं मला वाटलं आणि मी झटकली नाही.

मग साहेबराव आत आले. त्यांना वाटलं असेल, आपण काहीतरी केलं पाहिजे. ते ह्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि शांतपणे म्हणाले, “नानासाहेब, घाई करू नका. नाव हे हाक मारायला असतं. त्या नावाच्या आत कोण आहे ते कुणालाच...”

“साहेबराव, नको,” हे म्हणाले. “तुमचं ते ‘मी नसतोच’ मी इतकी वर्षं अंगावर घेऊन झोपलो. लई ऊब लागली त्याची.”

साहेबरावांचा चेहरा उतरला. मग म्हणाले, “करणारा सापडला नाही म्हणून केलेलं हरवत नाही, हेही मी सांगत होतो अर्जुनराव. दर वेळी सांगत होतो. तेव्हा तुम्ही पाणी प्यायला उठायचा.”

ते खरं होतं. दर वेळी उठायचे. मला वाटायचं, तहान लागते.

साहेबराव त्यांना अर्जुनराव म्हणाले, हे सगळ्यात आधी माझ्या लक्षात आलं. आणि पाठोपाठ हेही, की ते पाकीट अजून माझ्या कमरेला खोचलेलं होतं. मी ते काढलं. चारही फोटो ओळीनं मांडले, मशीनवर, हार घातलेल्या फ्रेमसमोर. तोच चेहरा, गालफडं बसलेला, उसन्या टायमधला, पंचवीस वर्षांपूर्वीचा.

नानासाहेब वाकून बघायला लागले. “ह्यो कोण?”

मी त्यांना उत्तर दिलं नाही. ह्यांना विचारलं, सकाळी विचारलं होतं तेच. “दादा चिंचवडला कशाला आले होते?”

ह्यांनी एक फोटो उचलला. बोलायला लागले तेव्हा त्यांची भाषा बदलली. इतकी वर्षं घासून गुळगुळीत केलेली इकडची भाषा गेली, आणि लग्नात मंडपाच्या कडेला उभं राहून मी जी ऐकली होती, ती आली.

“कावीळ उतरल्यावर आला व्हता. पंधरा दिसाचं आठ म्हैनं झालं व्हतं. गेटवर वॉचमन म्हणला, तुजा धाकटा भाऊ आलाय. बाहीर गेलो तर दादा, माजं नाव सांगून उभा. हातात पिशवी, पिशवीत हे फोटू. येता येता स्टुडिओत जाऊन काढल्याले. कार्डावर लावाया.” ते थांबले. “लई खूश व्हता. म्हणला, अर्ज्या, मी बरा झालो बघ. चल, साहेबाला सांगू.”

“म्हणजे त्यांनी दिली नव्हती?” मी म्हटलं. “नोकरी. ‘राहू दे तुलाच’ म्हणाले होते ना?”

“त्यो तसं कवाच म्हणला न्हाई.”

“मग?”

“म्या त्येला कँटीनमधी जेवू घातलं. त्यो डाळ-भात खाईत व्हता आन मशीनचं विचारत व्हता, कुठल्या कंपनीचं हाय, किती टनाचं हाय. मला एक ठाऊक न्हवतं. त्येला सगळं ठाऊक. त्येला मशीनवर न्यावं लागंल, आन मंग समद्यांना कळंल, खरा कोण ते.” ह्यांनी तो फोटो हारातल्या फोटोशेजारी ठेवला, कडेला कड लावून. “मंग म्या त्येला म्हणलं...”



“काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हणलं, ज्योतीराम आता मी हाय. तू दुसरं कायबी हो.”